उज्माताईंच्या अर्जातली मुलगी

अचलपूर

प्रिय उज्माताई,

तुमचा अर्ज आणि बायोडेटा ईमेलवर पाठवला आहे. पीडीएफ आहे, मोबाइलवर उघडेल. नीट वाचा, काही खटकलं तर सांगा, आपण बदलू. हे पत्र मात्र वेगळं, पोस्टानं पाठवते आहे. सेंटरच्या कॉम्प्युटरवर मनातलं काही लिहायची सोय नाही. मागे उभा असलेला माणूस आपला नंबर यायची वाट पाहता पाहता सगळं वाचून काढतो आणि वर शुद्धलेखनाची चूकही दाखवतो. म्हणून मुलगी अंगणवाडीत गेली की घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद ठेवून, थोडं थोडं लिहिते आहे. अक्षर खालीवर झालं असेल, समजून घ्या.

तुमचा मेसेज आला तेव्हा मी एका मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होते. स्क्रीनवर नाव आलं, ‘फुलांचं गिऱ्हाईक’. लग्नाआधी मीच तुमचा नंबर तसा ठेवला होता. त्या नावावरून फोन येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण तुम्ही तसं सांगूनच टाकलं होतं. हळदीच्या आदल्या आठवड्यात आमच्या फुलांच्या शेडात बसून म्हणाला होतात, “लग्न झाल्यावर मी तुले फोन करणार नाही. तू केला तं उचलीन.” लग्नालाही आला नाहीत. मंडपात दवाखान्यातलं कोणी ओळखीचं निघालं आणि चारचौघांत तुम्हाला नमस्कार करून ‘पेशंट कशी आहे’ म्हणालं, तर काय घ्या, असं आईला सांगितलंत. इतक्या वर्षांत तुम्ही शब्द पाळलात. मीही फोन केला नाही. आणि आता हा मेसेज: ‘नवा नंबर तुझ्या आईकडून घेतला. एक नोकरीचा अर्ज पाठवते. त्यात तुझ्याबद्दल चार ओळी आहेत, नाव बदललं आहे. नको वाटल्या तर तेवढ्या काढून टाक आणि मला परत पाठव. कारण विचारणार नाही.’ कशी आहेस, घरी कोण कोण आहे, एक शब्द नाही. मी फॉर्ममध्ये त्या मुलाच्या आईचं नाव वडिलांच्या रकान्यात लिहिलं आणि त्यानं ते दाखवून दिलं.

इथं मी काय करते ते आईनं सांगितलं असेलच. बसस्टँडच्या अंगाला आमचं ऑनलाइन सेंटर आहे. योगेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सुरू केलं. आता दोघं मिळून चालवतो. सातबारा, जातीचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, लग्नाचे बायोडेटा, नोकरीचे बायोडेटा. शेवटच्या दोन्हींत आमच्याकडे फारसा फरक नसतो. नोकरीच्या बायोडेटातही लोक उंची, रंग आणि मामाचं गाव लिहून आणतात, आणि काढा म्हटलं तर नाराज होतात. त्यामुळे तुमचा बायोडेटा उघडताना मला वाटलं होतं की हा वेगळा असेल, एमएसडब्ल्यू झालेल्या बाईचा आहे. पाच पानं निघाली. पहिल्या पानावर जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, दहावीची टक्केवारी. छंद, वाचन व समाजसेवा. मधली पानं प्रशिक्षणांच्या प्रमाणपत्रांनी भरलेली, त्यात संगणकाचा एक उन्हाळी वर्गसुद्धा. आणि ज्या कामात तुमचं अर्धं आयुष्य गेलं ते पार मागे, एका ओळीत. ‘क्षयरोग प्रकल्प, समुपदेशक.’ मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. दुसऱ्याच्या दारात उभं राहून मुक्या माणसाला बोलतं करणारी बाई स्वतःबद्दल लिहायला बसली की अशी सरकारी होऊन जाते.

मी काही शहाणी झाले असं समजू नका. मला जे थोडं कळतं ते गीतांजली मॅडममुळे. त्यांची संस्था मेळघाटातल्या गावांत काम करते, ऑफिस परतवाड्याला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांना माणसं भरायची होती आणि नेमकी ऑफिसची लाइट गेली, म्हणून आलेल्या अर्जांचे प्रिंट काढायला त्या आमच्याकडे आल्या. निघालेला कागद मी त्यांच्या हातात द्यायची, त्या तिथंच स्टुलावर बसून वाचायच्या आणि दोन्हीकडे दोन गठ्ठे करायच्या. डावीकडचा भराभर वाढत होता. मी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, “सगळ्यांना समाजसेवेची आवड आहे, आकांक्षा. आवडीचं मी काय करू? काल दिवसभर काय केलं ते कोणी लिहीत नाही.” एका अर्जात दुसऱ्याच संस्थेचं नाव तसंच राहून गेलं होतं. तो त्यांनी हसत बाजूला ठेवला. एका मुलाचा अर्ज मात्र दोनदा वाचला आणि मलाही वाचायला दिला. शाळा सुटलेल्या मुलांना परत वर्गात बसवायचं काम त्यानं केलं होतं. बरीच मुलं आली, असं लिहून त्यानं पुढं लिहिलं होतं की काही घरं मला पटवता आली नाहीत, कारण ती माणसं दिवाळी होताच वीटभट्टीवर निघून गेल्यावर मी पोचलो. आता असं काम मिळालं तर दिवाळीच्या आधी जाईन. मॅडम म्हणाल्या, “याला बोलावते. हा खरं सांगतो.” पुढं त्याच मुलाला घेतलं की नाही ते मला माहीत नाही, पण तो कागद माझ्या डोक्यात राहिला.

म्हणून तुमचा बायोडेटा मी दोन पानांवर आणला. धर्म, वैवाहिक स्थिती आणि छंद काढले. काम वर घेतलं. कुठल्या तालुक्यात फिरलात, कसल्या पेशंटांबरोबर, घरी जाऊन काय करत होतात, गावागावांतल्या आशाताईंना काय शिकवलंत, हे साध्या वाक्यांत लिहिलं. बरंचसं मला माहीत होतं, उरलेलं तुमच्या प्रमाणपत्रांच्या गर्दीत सापडलं. मग कव्हरिंग लेटर उघडलं.

‘बार्शीटाकळी येथील फूलविक्रेत्या कुटुंबातील एका अल्पवयीन क्षयरुग्ण मुलीने (कु. सुनीता, नाव बदललेले) उपचार अर्धवट सोडले असता, मी नियमित गृहभेटी व समुपदेशनाद्वारे तिचे उपचार यशस्वीरीत्या पूर्ण करवून घेतले.’

ताई, मी ते वाक्य कितीतरी वेळ बघत बसले. त्यात खोटं काही नाही. पण त्यात मी नाही आणि तुम्हीही नाही. त्या दिवसांत तुम्ही कुंपणाच्या त्या बाजूला होतात, मी या बाजूला. माझ्या बाजूनं काय दिसत होतं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते आज सांगते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडले होते. बारावीचं वर्ष होतं. गोळ्या सोडून महिना झाला असेल. तुमच्या खांद्याला ती निळी पिशवी होती, हातात रजिस्टर, आणि आईला ते रजिस्टर पाहूनच घाम फुटला. “इथं कोणी बिमार नाई,” ती म्हणाली. “पोरगी मामाच्या गावाले गेली.” आणि नेमकी मी तेव्हाच खोकले. आता ही बाई आत येणार, असं वाटून मी तोंडात गोधडी कोंबली. तुम्ही फुलांच्या टोपलीकडे वळलात. मग विचारलंत, “बरं. झेंडू कसा दिला?” पाव किलो झेंडू घेतलात आणि गेलात. पुढच्या वेळी रजिस्टर नव्हतं. पुन्हा झेंडू. त्याच्या पुढच्या वेळी शेवंती. शेजारच्या पार्बताबाईनं कुंपणावरून विचारलंच, एवढे फुलं कायले नेता म्हणून, आणि तुम्ही म्हणालात, “दर्ग्यावर चढवते बाई.” मला तेव्हा कळलं की ही बाई आपल्यासाठी खोटं बोलते आहे. पुढं तुमच्याकडूनच कळलं की खोटं नव्हतं, फुलं खरंच दर्ग्यावर जात होती, घरी एवढी ठेवणार कुठं. बाबा संध्याकाळी आईला म्हणाले, “थे बाई फुलं न्यायले येत नाई, मले समजते. पण येऊ दे.”

मग एक दिवस आई बाजारात होती आणि तुम्हाला फुलं मोजून द्यायला मीच शेडात आले. तराजू उचलला तर तो पेलेना. तुम्ही तराजू माझ्याकडून घेतलात, खाली बसलात आणि म्हणालात, “तू गोळ्या सोडल्या, ते चुकलं असं मी म्हणून नाही राहिली. काहून सोडल्या तेवढं सांग.” ताई, तोवर सगळ्यांनी मला सांगितलंच होतं. डॉक्टरांनी, नर्सबाईंनी, मामांनी. ‘काहून’ कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. गोळ्या घेतल्या की उलटी होते, लघवी लाल होते, मला वाटलं आतून रक्त चाललं आहे आणि ते कोणाला विचारायची लाज वाटली. दवाखान्याच्या गोळ्या गावात ज्यांच्या घरी जाऊन घ्यायच्या, त्यांच्या ओसरीवर माझ्या वर्गातल्या मुली बसलेल्या असायच्या. आणि दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं, तर मग कशाला. तुम्ही हसला नाहीत. लघवीचा रंग गोळीचा असतो, रक्ताचा नाही, एवढं सांगितलंत. उलटीसाठी आधी काहीतरी खायला सांगितलंत. आणि म्हणालात, त्या ओसरीवर जायचं नाही, मी आणते गोळ्या. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, नंतर एकदा, अकोल्याहून स्कूटीवर. माझ्या गोळ्या तुमच्या फुलांच्या पिशवीतून यायच्या आणि त्याच पिशवीतून फुलं जायची. एवढं सगळं ‘नियमित गृहभेटी’ या दोन शब्दांत बसवलंत तुम्ही.

आणखी एक दिवस आहे, त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. उन्हाळा होता, गोळ्यांनी अंगाची आग व्हायची, आणि मी ठरवलं होतं की आज तुम्ही आलात की सांगायचं, आता बस. तुम्ही आलात ते तेल्हाऱ्याकडून. स्कूटी उभी केलीत, शेडात येऊन बसलात आणि समोरची सुई घेऊन झेंडू ओवायला लागलात. बराच वेळ ओवत होतात. आईनं पाणी दिलं तेव्हा म्हणालात, “तिकडचा एक पोरगा गेला. जीवन नाव होतं. माया हातचा पेशंट होता.” त्यानंही मधेच सोडल्या होत्या, तुम्ही जात होतात, पण घरचे त्याला दुसऱ्या कोणाकडे झाडपाल्याला घेऊन गेले. एवढंच सांगितलंत. मला घाबरवायला सांगितलं असतंत तर मी त्या दिवशी उठून गेले असते. तुम्ही माझ्याकडे पाहतही नव्हतात. ओवलेला हार मांडीवर तसाच होता. मी पिशवीतून गोळ्या काढल्या, घेतल्या, आणि पुन्हा कधी बस म्हटलं नाही. तुम्हाला वाटत असेल की मी तुमच्या समुपदेशनानं बरी झाले. त्या दिवशी तुम्ही काही समजावलंच नव्हतं.

तर त्या चार ओळी मी काढल्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या लिहिल्या. तुम्ही काढायची परवानगी दिली होती, लिहायची नव्हती, म्हणून आधीच सांगते. आता तिथं असं आहे: ‘गोळ्या सोडलेल्या एका मुलीच्या घरचे तिचा आजार मान्य करीत नव्हते. मी रजिस्टर घरी ठेवून काही आठवडे फक्त त्यांच्याकडून फुले घेतली. मुलगी समोर आल्यावर तिला गोळ्या का सोडल्या ते विचारले. कारणे तीन होती आणि तिन्हींवर उपाय निघाला. तिचा कोर्स पूर्ण झाला. त्याच वर्षी तेल्हारा तालुक्यातील एका तरुण रुग्णाला मी वाचवू शकले नाही. त्याच्याशी मी बोलत राहिले, पण त्याच्या घरी निर्णय घेणाऱ्या माणसांशी बोलायला मला उशीर झाला. तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच घरात निर्णय कोण घेते ते पाहते.’ शेवटचं वाक्य मी माझ्या मनानं लिहिलेलं नाही. जीवन गेल्यानंतर तुम्ही प्रत्येक वेळी आईऐवजी आधी बाबांशी बोलायला लागलात, ते मी पाहिलं होतं. चुकीचं असेल तर काढा. पण जीवनबद्दलची ओळ काढण्याआधी एकदा विचार करा. ती वाचून कोणी तुम्हाला नापास करील असं मला वाटत नाही.

दुसरी एक गोष्ट. प्रकल्प बंद झाल्यानंतरची दोन वर्षं तुम्ही कोरी सोडली होती. आईकडून कळलं की अब्बांना लकवा झाला आणि तुम्ही घरीच होतात. तुमच्या अब्बांचं, अब्दुल रहीम चाचांचं, नाव आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. स्कूटी बिघडली की तेच दुरुस्त करून द्यायचे म्हणून तुम्ही सांगायचात. मी तिथं लिहिलं आहे, ‘वडिलांच्या पक्षाघातामुळे घरी, त्यांची पूर्णवेळ शुश्रूषा.’ त्यात लपवायसारखं काय आहे? कोरी जागा दिसली की वाचणारा स्वतःच्या मनानं काहीतरी भरतो आणि ते नेहमी वाईटच भरतो. चाचा आता भिंत धरून चालतात, असं आई म्हणाली. ते ऐकून बरं वाटलं.

आता घरचं सांगते. काही बदलायच्या आधी अर्जाचा पहिला प्रिंट मी काढला तेव्हा योगेश प्रिंटरजवळ उभा होता. निघालेला कागद सवयीनं हातात घेऊन त्यानं वाचला आणि म्हणाला, “ही पोरगी तुया गावची दिसते. फुलवाल्याची. ओळखतं का तू तिले?” नाही म्हणणं सोपं होतं. आमच्या गावात फुलवाले काही कमी नाहीत. मी म्हटलं, “ओळखतो. ते मीच आहो.” त्यानं कागद खाली ठेवला. तेवढ्यात देवीदासकाका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आले आणि तो त्यांच्या कामाला लागला. त्यांच्यानंतर आणखी कोणी आलं. संध्याकाळी शटर ओढेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मला तुमच्या त्या वाक्याचा राग आला, खरं सांगते. मग स्वतःचा आला. लग्नाच्या वेळी आई-बाबांनी ‘सांगायचं नाई’ म्हटलं आणि मी मान हलवली होती, पण त्याच्याबरोबर रोज एका ताटात जेवायला लागल्यावर सांगणं माझ्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फक्त एक विचारलं, “पोरीले काही होणार तं नाई?” नाही, मी म्हटलं. मी पूर्ण बरी झाले, त्याला इतकी वर्षं झाली. त्याला माझ्या तोंडून ऐकून पुरलं नाही आणि मला त्याचा रागही आला नाही. आम्ही मुलीला घेऊन अमरावतीला छातीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी माझ्या छातीचा एक्स-रे फोटो काढला, मुलीला तपासलं, आणि फोटोतला एक पांढुरका डाग दाखवून म्हणाल्या, हा जुना व्रण आहे, आजार नाही, आणि मुलगी ठणठणीत आहे. योगेशनं तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला. परत येताना बसमध्ये मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. आसेगाव गेल्यावर तो एकदम म्हणाला, “हिवाळ्यात तुले खोकला आला का तू मांगं न्हाणीत जाऊन नळ सोडतं. मले वाटे तुले माया आईची भीती वाटते. मी आईले दोनदा बोललो त्याच्यावरून.” त्याच्या आईनं विनाकारण ऐकून घेतलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मग तो म्हणाला, “आता इथंच खोकत जाय.” एवढंच. परतवाडा आल्यावर मी मुलीला खांद्यावर घेतलं. आणि उतरताना म्हणाला, “त्या ताईच्या अर्जाचे प्रिंट जाड कागदावर काढ. मुलाखतीले हातात न्यावे लागतात.”

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. योगेश म्हणतो, गरज काय. मला ते पटत नाही, आणि न्हाणीचं कळल्यापासून तर मुळीच नाही, पण त्यासाठी मला थोडा वेळ लागेल. सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. परवा त्यानं मुलीचा पेला माझ्या पेल्यापासून वेगळा ठेवलेला दिसला. मी विचारलं तर तो स्वतःच ओशाळला आणि दोन्ही पेले एकात एक घालून ठेवले. जाईल हळूहळू.

अर्ज तर ईमेलवर गेला, मग एवढं पत्र कशाला, असं तुम्हाला वाटत असेल. गेल्या आठवड्यात गीतांजली मॅडम झेरॉक्ससाठी आल्या होत्या. मी सहज विचारलं, मुलाखतीत पहिलं काय विचारता? म्हणाल्या, “अर्जात ज्या माणसाची गोष्ट लिहिली असते, ते माणूस आज कुठं आहे, कसं आहे, हे विचारते. बहुतेकांना सांगता येत नाही.” त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं, ताई, की तुम्हालाही सांगता येणार नाही. तुम्हाला माहीतच नाही, कारण मला त्रास नको म्हणून तुम्ही आजवर विचारलंच नाहीत, मेसेजमध्येसुद्धा नाही. तर हे पत्र त्या प्रश्नाचं उत्तर आहे. अमरावतीच्या मुलाखतीत तुम्हाला कोणी हेच विचारलं तर सांगा, ती अचलपूरला असते. बरी आहे, वजन जरा जास्तच वाढलं आहे. तिला एक मुलगी आहे, अंगणवाडीत जाते आणि घरी कोणाचं ऐकत नाही. तिच्या नवऱ्याला सगळं माहीत आहे. नाव विचारलं तर माझं खरं नाव सांगा, माझी हरकत नाही. हा अर्ज तिनंच टाइप केला आहे, हेही सांगा. आणि मुलाखतीची तारीख कळली की मला फोन करा, आता कधीही करा. त्या दिवशी मी अमरावतीला येणार आहे, जाड कागदावरचे प्रिंट घेऊन. तुम्ही आत असाल तेवढा वेळ मी बाहेर बसेन.

तुमचीच,
आकांक्षा